एका पेपरची घट

गेल्या अकरा महिन्यांत मी 2,834 शोधनिबंध बाद केले. त्याआधीच्या उभ्या आयुष्यात बाद केलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील एवढ्याच. एक स्थळ (खरं तर त्यांनीच मला बाद केलं होतं, घरी मी उलटं सांगितलं), शिक्षक संघटनेचं सहसचिवपद आणि एका लग्नात पंगतीतली चौथी जिलेबी. नकार देणं माझ्या रक्तात नाही. शेजाऱ्यानं शिडी मागितली तर मी शिडी देतो आणि ती धरायलाही जातो. असा माणूस रात्री साडेअकराला लॅपटॉपसमोर बसून जगभरच्या विद्वानांना 'नाही, नाही, हेही नाही' म्हणताना पाहून आई पाण्याला उठली की दारातच थांबायची.

"कोनाले नाई म्हून रायला रे बाप्पा एवढ्या राती?"

मी प्राणिशास्त्र शिकवतो. कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात आहे, यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. मागच्या वर्षी ऑफिसातल्या बाबूनं माझी फाईल उघडली, पानं मोजली आणि आनंदानं सांगितलं, "सर, प्लेसमेंटमधी तुमचा एक पेपर कमी पडून रायला." प्लेसमेंट म्हणजे आमच्याकडची बढती.

स्टाफरूममध्ये अनुभवी मंडळींनी तोडगा काढला. "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करा. त्यात स्वतः काही शोधायचं नसतं. दुसऱ्यांनी शोधलेलं शोधायचं."

मी भुललो. या पेशात मी आलो तोच मुळी अशा अपेक्षेनं. पुढे कळलं की प्रकार वेगळा आहे. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर जगात आजवर जे जे छापून आलं ते सगळं जमवायचं, आधी जाहीर केलेल्या चाळणीतून गाळायचं आणि उरेल त्याचं तात्पर्य सांगायचं. हे सुरू झालं एका टोमण्यातून. आर्ची कॉक्रन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं 1979 मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना सुनावलं की तुम्ही प्रयोग एवढे करता, पण त्यांचा नीट गाळलेला, वेळोवेळी ताजा केलेला सारांश कोणी ठेवत नाही. लोकांनी ते मनावर घेतलं, 1993 मध्ये त्याच्या नावानं मोठी संस्था काढली, नियम केले. नियमांची एक यादी आहे, 'प्रिझ्मा' म्हणतात तिला. इंदिराबाईंचा कार्यक्रम वीस कलमी होता, हा सत्तावीस कलमी आहे. तिकडे मारलेला टोमणा चाळीसेक वर्षांनी इकडे मला लागला.

विषय मात्र हसण्याचा नव्हता. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा वर उडवायचा आणि तोच अंगावर घ्यायचा, असं चाललं होतं. पाठीवरच्या पंपाचं ओझं मी लहानपणी वाहिलेलं आहे. म्हणून ठरवलं की पेपर करायचाच तर फवारणीतल्या विषबाधेवर करू. यापुढे जे काही हास्यास्पद घडलं ते त्या माणसांचं नाही, सर्वस्वी माझं आहे.

पहिल्या दिवशी पबमेडवर मी 'कॉटन', 'स्प्रे' आणि 'पंप' हे तीन शब्द वेगवेगळे टाकून पाहिले. 'पंप' म्हणताच हृदय आलं, कारण तोही पंपच. मागोमाग इन्सुलिनचा पंप आला, मग आम्लपित्ताच्या गोळ्या ज्याला बंद पाडतात तो प्रोटॉन पंप आला. पाठीवरचा पंप कुठेच नव्हता. 'स्प्रे' म्हटल्यावर सगळे नाकात मारायचे फवारे. 'कॉटन' म्हटल्यावर कॉटन आडनावाचे साहेबलोक रांगेनं उभे राहिले. कुणी दमा पाहिला होता, कुणी गुडघे, पण पऱ्हाटीचं बोंड त्यांतल्या कुणी हातात धरलं असेल असं वाटेना.

मग सुचलं, जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं टाकावीत. तालुके सोळा. बाहेरच्या विद्वानांना ही नावं ठाऊक नसणार, तेव्हा आपलेच पेपर येतील, असा माझा हिशेब.

'आर्णी' टाकलं आणि पूर आला. आर्णी मला माहीत होती ती बाबा कंबलपोषांच्या दर्ग्यासाठी. पाहतो तर जगातले बडे बडे हृदयरोगतज्ज्ञ आर्णीबद्दल भरभरून लिहिताहेत, आर्णी दिल्यावर रुग्णाला कसा आराम पडला ते सांगताहेत. छाती भरून आली. अर्ध्या तासानं उलगडा झाला की हृदय दमलेल्या रुग्णांना देतात त्या औषधांच्या एका गटाचं ते लघुनाव आहे.

'नेर' टाकलं. नेर परसोपंतात काय संशोधन झालं असेल याची उत्सुकता होतीच. तर नेर म्हणजे पेशीतल्या डीएनएची डागडुजी करण्याची एक पद्धत. अझीझ सांजार यांनी तिचा उलगडा केला आणि 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. स्टाफरूममध्ये नेरचे एक सर आहेत. त्यांना मी म्हटलं, "सर, तुमच्या नेरच्या दुरुस्तीवर काम करून एकाला नोबेल भेटलं."

"आमच्या नेरच्या?" ते दचकले. "आमच्याकडं तं दुरुस्तीले कोनी येतच नाई."

'वणी'नं तर थेट काश्मीरला नेलं. वाणी हे तिकडचं नेहमीचं आडनाव, इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एक. वणीचा कोळसा शोधायला निघालेला मी श्रीनगरच्या डॉक्टरांच्या पित्ताशयात जाऊन अडकलो. उरलेले तेरा तालुके मी घाबरून टाकलेच नाहीत.

शेवटी जिल्ह्याचंच नाव म्हणून 'यवतमाळ' टाकलं. आले थोडेफार. पण जुने पेपर येईनात, कारण इंग्रजांनी या गावाचं स्पेलिंग 'येवतमाळ' असं केलं होतं आणि यंत्राच्या लेखी यवतमाळ आणि येवतमाळ ही दोन गावं आहेत, मध्ये एसटीही धावत नसावी. त्याच्याही मागे गेलं तर 1905 पर्यंत या जिल्ह्याला ते 'वून' म्हणत, म्हणजे आपली वणीच. एक जिल्हा तीन नावांनी शोधायचा, आणि तिन्ही नावांत जे लिहिलंय ते बहुतेक भलत्याच गोष्टींवर. हात टेकून मी रीतसर सूत्र बांधलं: हा शब्द किंवा तो शब्द, आणि हा किंवा तो, आणि हा मात्र नको. अर्धं पानभर लांब, कंसात कंस. बायकोनं वाचून विचारलं, "हे किराण्याच्या यादीला करता आलं असतं ना? साखर किंवा गूळ, आणि चहा, आणि कृपा करून आलूबोंडे नको."

सगळ्या कोठारांतून मिळून निघाले 2,846.

त्यात दुबार किती, ते आधी काढायचं. वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. वणीत 1880 मध्ये जन्मलेले माधव श्रीहरी अणे. तेच मा. श्री. अणे, तेच बापूजी अणे, तेच लोकनायक. यंत्रापुढे ठेवलं तर ते चार पुढारी समजून चौघांच्याही जयंतीची सुट्टी देईल. उलट एकाच नावाचे दोघं असले की त्यांना एकत्र कोंबेल. नामदेवांच्या गाथेत नाही का झालं? 'नामा म्हणे' असं शेवटी दिसलं की घे गाथेत, असं होता होता विष्णुदास नामा नावाच्या वेगळ्या कवीचे अभंगही आत शिरले आणि अभ्यासक अजून वेचताहेत. मला 'पाटील एस.' या एका नावामागे कितीजण उभे आहेत हेच कळेना. त्यांतले एक पाटील एस. माशांवर लिहितात, एक माश्यांवर, आणि एक मूत्रपिंडावर. तीन रात्री घालवून 731 दुबार काढले.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या लोकांना हे काम नवीन नाही. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या समोर घेऊन मागाहून घुसडलेलं निवडून काढलं, ती चाळणीच. भांडारकर संस्थेनं महाभारताची 1,259 हस्तलिखितं ताडून संशोधित आवृत्ती केली, 1919 ला काम सुरू, 1966 ला पुरं. हे मी आमच्या विभागप्रमुखांना उत्साहानं सांगितलं.

"सत्तेचाळीस वर्षं?" ते म्हणाले. "मला मार्चएंडच्या आत पायजे."

राहिले 2,115. आता नियम असा की शीर्षक आणि सारांश वाचून घ्यायचा की टाकायचा हे दोघांनी ठरवायचं, आणि तेही एकमेकांना न सांगता. स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम ऑनलाइन परीक्षांचं काम आलं. म्हणून बायकोला विचारलं. ती डी.फार्म.च्या मुलांना शिकवते, औषधांची नावं तिला माझ्यापेक्षा जास्त येतात आणि मत द्यायला ती कधी मागे हटलेली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या जोडप्यानं एका टेबलावर बसून एकमेकांपासून मत लपवायचं, ही अट घालणारा माणूस अविवाहित असावा. ती एखादा सारांश वाचून नुसतं 'हं' म्हणायची. एकोणीस वर्षांच्या अनुभवानं मला त्या 'हं'चा अर्थ तत्काळ कळायचा, आणि मी मुद्दाम उलटं बटण दाबायचो.

बटणं तीन. घ्या, टाका, आणि 'बघू'. कतारमधल्या लोकांनी बनवलेलं रय्यान नावाचं साधन आहे, त्यात ही सोय. त्या तिसऱ्या बटणानं माझा घात केला. महिनाभरानं दोघांची मतं उघडली तेव्हा माझे 'बघू' निघाले 640. तिचा एकही नाही.

"साडेसहाशे?" ती म्हणाली.

"घाई कशाला करायची? एखादा चांगला निघाला तर?"

"तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हाही 'कळवतो'च म्हणाला होतात. बावीस दिवसांनी कळवलंत. बाबांनी तोवर दुसरीकडे चहा-पोहे ठरवले होते."

एकमत मोजण्याचं एक माप आहे, कापा. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये काढलं. दोघांनी नाणं उडवून कौल दिला तरी थोडंबहुत जुळणारच, तेवढं योगायोगाचं वजा करून खरं एकमत किती उरतं ते हे माप सांगतं. एक म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे नाणं. आमचा आला 0.19. पुस्तकात त्या आकड्यापुढे शेरा होता, त्याचं मराठी 'नाममात्र' असं होईल. नवरा-बायकोत एकमत नाममात्र असतं हे मला ऐकून-अनुभवून माहीत होतं, पण दोन दशांश स्थळांपर्यंत कुणी लिहून दिलं नव्हतं. तिनं तो आकडा माहेरच्या ग्रुपवर टाकला. पुसदहून मेहुण्याचा लगेच निरोप, 'जिजाजी, आमचा यापेक्षा कमी येईल.'

मतभेद मिटवायला नियमानुसार तिसरा माणूस लागतो. घरात तिसरं माणूस म्हणजे आई. गुडघ्यांच्या इलाजासाठी गावाहून आलेली, दिवसभर बसून कंटाळलेली. चौथी पास. मी गमतीत म्हटलं, "आई, आमचं भांडण सोडव." ती समोर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती.

"वाच."

मी एक शीर्षक मराठी करून वाचलं. ती म्हणाली, "मानसाइचं हाय का जनावराइचं?"

"उंदरांचं."

"टाक. दुसरं?"

दुसरं वाचलं. कीटकनाशकानं विषबाधा झालेले रुग्ण, दवाखान्यातली नोंद.

"फवारताना लागलं का पेऊन घेतलं?"

मी सारांश पुन्हा वाचला. बहुतेक सगळे रुग्ण जीव द्यायला प्यायलेले होते. मी महिनाभर ज्यावर 'बघू' म्हणत होतो तो प्रश्न तिनं शेंग सोलता सोलता निकालात काढला. विषबाधेवरच्या कितीतरी पेपरांत प्यायलेले आणि फवारताना लागलेले एकाच रकान्यात मोजलेले असतात. दोन्हींची कारणं वेगळी, लक्षणांची तीव्रता वेगळी, उपाय वेगळे.

"आन मानसं किती?" हा तिचा तिसरा प्रश्न. तीन असली तर टाक. "तिघाइचं काय लिवायचं, तेवढे तं आपल्या वाड्यातच हायेत."

मी माझ्या मसुद्याचं पहिलं पान उघडून पाहिलं. कोणत्या माणसांवर, कशा प्रकारच्या संपर्कावर, किती जणांवर, हे तीन निकष मी इंग्रजीत दीड पान लिहिले होते आणि त्याला दोन आठवडे लागले होते. मतभेदांपैकी 118 पेपर आईनं दोन संध्याकाळींत निवडले. तूरही तेवढ्यात सोलून झाली.

तसं पाहिलं तर तिचा हा पिढीजात धंदा. चाळीस वर्षं ओटी बांधून तिनं कापूस वेचला. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करायचं, पऱ्हाटीला दहीभात दाखवायचा आणि मग ओळीनं सुटायचं. बोंडातून कापूस उचलतानाच पत्ती लागली का, बोंडअळीनं खाल्लेली कवडी आहे का, हे बोटांना कळतं. कवडी वेगळी ठेवायची. ती चांगल्यात मिसळली की सगळ्याचा भाव जातो. माझ्या पद्धतीच्या पुस्तकात हेच वाक्य आहे, फक्त तिथे कवडीला दुसरा शब्द आहे आणि पुस्तक महाग आहे.

आणि ग्रेडर! एकाधिकार खरेदीच्या दिवसांत मी वडिलांबरोबर बंडीवर बसून केंद्रावर जायचो. बंड्यांची रांग, दोन-दोन मुक्काम. ग्रेडर आला की बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ काढायचा, दाबायचा, ओढून धागा बघायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर आमच्या घरची दिवाळी ठरायची. आता यंत्र लावतात. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर परत. लहानपणी मी ठरवलं होतं की मोठेपणी ग्रेडर व्हायचं आणि कुणालाही परत पाठवायचं नाही. आता मी रात्री एकेका पेपरात कोपरापर्यंत हात घालून शेरे लिहीत होतो. 'परत. कारण: नमुना अपुरा.' 'परत. कारण: द्राक्षबाग, कपाशी नव्हे.' 'परत. कारण: निष्कर्षात जे आहे ते कोष्टकात नाही.' लिहिताना, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

अशा रीतीनं 2,022 गेले, 93 उरले. ते पूर्ण वाचायचे, म्हणजे आधी मिळवायचे. काही पेपर फुकट, काहींना तीस-चाळीस डॉलर. तेवढ्यात बीटी कपाशीची तीन पाकिटं येतात आणि त्यातून निदान काहीतरी उगवतं. ज्यांचे मिळाले नाहीत त्या लेखकांना नम्र पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं तासाभरात दिलं. मागितलेला पेपर त्यांना सापडत नव्हता, पण त्याऐवजी त्यांचे दुसरे सहा पेपर जोडले होते आणि 'यांचाही उल्लेख केलात तर आभारी राहीन' असं लिहिलं होतं. सहाही पेपर माशांच्या खाद्यावर. नऊ पेपर शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

वाचताना आणखी एक नाद लागला, मूळ शोधण्याचा. एका पेपरात ठाम विधान: अमुक टक्के शेतकरी हातमोजे वापरत नाहीत. खाली आधार दिलेला. तो आधार काढला तर तिथे तेच विधान, आणखी जुन्या पेपरच्या हवाल्यानं. तो काढला, तिसरा निघाला. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'एका सहकाऱ्याशी झालेल्या बोलण्यावरून'. म्हणजे पाराच्या कट्ट्यावर जसं चालतं तसंच: त्यानं सांगतलं, त्याले त्यानं सांगतलं, आणि ज्यानं पहिल्यांदा सांगितलं तो आता नागपूरला राहतो. आमच्या कट्ट्यावर निदान कुणी तळटीप देत नाही.

आणि संदर्भसूची! झोटेरो नावाचं फुकट साधन यासाठी आहे, 2006 पासून. पेपरवर बोट ठेवलं की नाव-गाव-साल आपोआप टिपून घेतं. आपोआप हा शब्द दिसला की सावध व्हायचं, हे मी मोटरपंपाच्या ऑटो स्विचवरून शिकलो होतो तरी चुकलो. माझ्या यादीत एक लेखक वारंवार येऊ लागले: ऑर्गनायझेशन डब्ल्यू. एच. मी प्रभावित झालो. कीटकनाशकं, सर्पदंश, क्षयरोग, माणसानं काय काय म्हणून पाहिलंय! बायकोला कौतुकानं दाखवलं. तिनं शांतपणे सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावातला शेवटचा शब्द यंत्रानं आडनाव धरलाय. त्याच न्यायानं दोन मंत्रालयं आणि एक महाविद्यालय माझ्या यादीत आद्याक्षरांसकट लेखक होऊन बसली होती. उलट आपल्या खऱ्या माणसांचे हाल. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा आपल्या क्रमाला यंत्र बुजतं. दोन ठिकाणी त्यानं वडिलांनाच मुख्य लेखक केलं होतं. त्या वडिलांना मुलाच्या पीएचडीचं एवढं श्रेय घरातही मिळालं नसेल.

संदर्भ लिहायच्या रीतीही गावोगावी वेगळ्या. 1978 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि त्यांनी एकच रीत ठरवली, कुठे टिंब, कुठे अर्धविराम. लेखक सहा असतील तर सहाही लिहा, सातवा आला तर सहानंतर 'आणि इतर'. लग्नपत्रिकेत मामांची नावं लिहितात तेच धोरण. मी तीन दिवस टिंबं लावली, पेपर धाडला. चार तासांत परत. 'आमच्या कक्षेत बसत नाही.' दुसऱ्या नियतकालिकाला आकडे नको होते, त्यांना नाव आणि साल हवं. पुन्हा सगळी टिंबं उचलून कंस मांडले.

या टिंबांच्या नादात मी एक थोर पाप करता करता वाचलो. लेखन कसं करावं यावर एक छान संदर्भ सापडला होता, व्हॅन डर गीर आणि इतर, 2000, 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला'. अनेकांनी दिला होता, मीही घेतला. मूळ पेपर काही मिळेना. मिळणार कसा, तो नाहीच. एका प्रकाशकानं लेखकांना नमुना म्हणून संदर्भ कसा लिहायचा ते दाखवायला तो रचलेला होता आणि जवळपास 400 ठिकाणी लोकांनी तो खरा समजून उल्लेखला. 2017 मध्ये ही भानगड उघडकीला आली. मला त्या 400 जणांचा राग आला नाही, उलट आधार वाटला.

शेवटी प्रिझ्माचा तक्ता. वरून खाली चौकटी काढायच्या आणि प्रत्येक चौकटीत आकडा, जिथून किती गेले ते कारणासकट. 2,846 आले. 731 दुबार गेले. 2,115 उरले. 2,022 गेले. 93 उरले. 9 मिळाले नाहीत. 84 वाचले. 72 टाकले. 12 घेतले. तोंडी बेरीज-वजाबाकी तीनदा केली, बरोबर. मग कोष्टकातले पेपर मोजले.

अकरा.

कापसाच्या धंद्यात याला घट म्हणतात. घरून निघताना वजन बारा क्विंटल, काट्यावर अकरा. वाटेत ओलावा उडाला म्हणतात, व्यापारी तोंड वर करून आकाशाकडे बघतो. पण पेपर उडत नाही. रात्री एक वाजेपर्यंत मी फोल्डर उपसले, कचऱ्याच्या डब्यातले कागद काढले, यादी उलटी मोजली. दीड वाजता बायको उठली.

"झोपा आता."

"एक पेपर गहाळ झालाय. बारावा."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "गहाळ नाही. मी काढलाय."

"कोणता?"

"तुमचाच. कॉन्फरन्सवाला."

आठ वर्षांपूर्वी एका परिषदेत मी वाचलेला, कार्यवृत्तात छापून आलेला माझा पेपर: फवारणी करणाऱ्यांमधली जाणीव-जागृती. मी तो अर्थातच 'घ्या' म्हटला होता. तिनं 'टाका'. मतभेद झाला म्हणून नियमानुसार तिसऱ्या व्यक्तीकडे गेला, मी कॉलेजात असताना. सूनबाईंनी वाचून दाखवला, सासूबाईंनी निकाल दिला, आणि मला वाईट वाटेल म्हणून दोघींनी ठरवून सांगितलं नाही. माझा एकोणीस वर्षांचा संसार, पण त्या दोघींचं एवढं एकमत मी पहिल्यांदा पाहिलं. कापा काढला असता तर पुरता एक आला असता.

सकाळी मी आईला विचारलं, "तू माझा पेपर टाकायला सांगितलास?"

"मानसं किती होते त्याच्यात?"

"चौदा."

"त्याच्यातले नऊ तं आपलेच सोयरे. आन थ्या चौदात मी बी हावो. तू मले इचारलं का तोंडाले फडकं बांधतं का, मी म्हनलं हाव, बांधतो. कवाच बांधलं नव्हतं. तुले पेपर पायजे होता म्हून म्हनलं."

हे ऐकून मी चौकटीतला आकडा बदलला. टाकलेले 73, घेतलेले 11. सुरुवातीला 2,834 बाद केले असं मी सांगितलं आहे, तिथे वाचकांनी 2,835 वाचावं. उरलेल्या वादांवर पुन्हा बसून आमचा कापा 0.64 पर्यंत आला आहे, आणि त्याला पुस्तकात चांगला शेरा आहे. तो मात्र तिनं ग्रुपवर टाकला नाही.

परवा तिसऱ्या नियतकालिकाचं पत्र आलं. काम आवडलं आहे, टिंबं ठीक आहेत, फक्त तुमचा शोध वर्षभर जुना झाला, तेवढा अद्ययावत करून पाठवा. काल रात्री तेच अर्ध्या पानाचं सूत्र पुन्हा टाकलं. नवे 312 निघाले. पहिल्याच पानावर आर्णी.

कपाशीचा हंगाम संपला की पऱ्हाटी उपटून टाकायची असते. तसं न करता पुन्हा पाणी सोडून जे उरलंसुरलं पीक घेतात त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. फरदड घेऊ नका, बोंडअळी वाढते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. आमच्याकडे दरवर्षी घेतात. आईला गावाकडे जायचं होतं, तिचं तिकीट पुढच्या महिन्याचं केलंय, आणि पाच किलो तुरीच्या शेंगा आणून ठेवल्या आहेत.